धुक्यातला लाल ठिपका

डिसेंबर संपत आला की चंदीगडमध्ये सकाळ होते ती फक्त घड्याळात. सात वाजतात, साडेसात वाजतात, तरी खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. समोरचे झाड नाहीसे झालेले असते, दूधवाला दिसण्याआधी त्याच्या किटल्यांचा आवाज येतो आणि पारा चार-पाच अंशांवर रेंगाळत असतो. पुण्या-मुंबईकडचा माणूस अशा वेळी रजईतून नाकही बाहेर काढणार नाही. पण नेमक्या याच सुमारास सुखना तलावाच्या काठी काही मंडळी जमू लागतात. हेल्मेटखाली लोकरी टोपी, हातात जाड मोजे, तोंडातून निघणारी वाफ आणि हाताशी चकचकीत सायकल. बँकेतले अधिकारी, डॉक्टर, निवृत्त फौजी, कॉलेजची मुले आणि हल्ली बऱ्याच गृहिणीसुद्धा. चंदीगड, मोहाली आणि पंचकुला या जुळ्या नव्हे तर तिळ्या शहरांत ‘सायकलगिरी’सारखे हौशी सायकलस्वारांचे गट चांगलेच मूळ धरून आहेत.

त्याच वेळी, त्याच रस्त्यावरून आणखी एक सायकलस्वार चाललेला असतो. त्याच्या अंगावर लोई, म्हणजे लोकरीची जाड शाल. कॅरिअरला डबा बांधलेला, हँडलला कुदळ किंवा रंगाचा डबा अडकवलेला. धनास, मलोया, बुडैल, मौली जागरां अशा वस्त्यांतून तो निघतो आणि बंगल्याच्या बागेत, बांधकामावर, दुकानात किंवा पहारेकऱ्याच्या खोलीत पोहोचतो. त्याच्या सायकलला दिवा नसतो. मागे कधीकाळी लावलेला लाल काचेचा तुकडा केव्हाच पडून गेलेला असतो. हौशी मंडळी थंडी फार वाढली तर रविवारची फेरी रद्द करू शकतात. त्याला तशी सोय नाही.

एखाद्या सायकल क्लबने हिवाळ्यात काय करावे, या प्रश्नाचे उत्तर शोधायला या दोन सायकलस्वारांच्या मधल्या वीस-पंचवीस फुटांपासूनच सुरुवात करायला हवी.

सायकलसाठी आखलेले शहर

खरे तर चंदीगडला सायकलीचे वावडे असण्याचे कारणच नाही. १९५१ पासून ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पकाराने शहराचा आराखडा रेखाटला, तेव्हा त्याने रस्त्यांच्या सात प्रती ठरवल्या. महामार्गापासून बागेतल्या पायवाटेपर्यंत प्रत्येकीला एक क्रमांक. पुढे त्यात आठवी भर पडली ती खास सायकलींसाठी. मोठ्या रस्त्यांच्या कडेने झाडांच्या आडोशाला सायकलींची वेगळी वाट दिसते ती याच विचारातून. इथला ठरावीक सेक्टर आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब. म्हणजे सेक्टरला एक प्रदक्षिणा घातली की बरोबर चार किलोमीटर! नव्या सभासदाला अंतर मोजण्याच्या यंत्राची गरजच नाही. आज एक सेक्टर, पुढच्या आठवड्यात दोन, असा हिशेब घरातल्या लहान मुलालाही जमतो.

सुखना तलाव १९५८ साली बांध घालून तयार झाला. त्याच्या बांधावरून मोटारी जाऊ नयेत असा कॉर्बुझिएचा आग्रह होता. तो पाळला गेला म्हणून आजही तिथे माणसांचा आवाज ऐकू येतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या बदकांचाही.

तलावापासून जवळच रॉक गार्डन आहे. चंदीगडला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या अल्बममध्ये तिथला एखादा फोटो असतोच. ती बाग घडवणारे नेकचंद हे सरकारी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवे शहर उभारताना जी गावे पाडली गेली त्यांतल्या फुटक्या बरण्या, तुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे आणि नदीपात्रातले चित्रविचित्र दगड त्यांनी गोळा केले, ते बहुतांशी आपल्या सायकलवर लादून. नोकरी आटोपली की रात्री जंगलात जायचे आणि मूर्ती घडवायच्या. हे सारे त्यांनी सुमारे अठरा वर्षे कोणालाही कळू न देता केले. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. एका कारकुनी पेशाच्या माणसाच्या सायकलचे कॅरिअर किती वाहून नेऊ शकते याचा याहून मोठा दाखला दुसऱ्या कुठल्या शहराकडे क्वचितच असेल.

थंडी हा सायकलीचा हंगाम

युरोपात हिवाळा आला की हौशी मंडळी सायकल कपड्यात गुंडाळून ठेवतात. (सगळीकडे नाही. फिनलंडमधल्या औलू या शहरात बर्फ पडताच सायकलींचे रस्ते आधी मोकळे केले जातात आणि हिवाळी सायकलिंगवरची पहिली जागतिक परिषदही २०१३ मध्ये तिथेच भरली.) आपल्याकडे उलट आहे. मे-जूनमध्ये पंजाब-हरियाणाच्या डांबरावर अंडे शिजेल अशी गत असते, त्यामुळे लांब पल्ल्याच्या फेऱ्यांना हेच दिवस बरे. दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरच्या ज्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या दीर्घ फेऱ्या भारतात होतात, त्यांचे वर्षही नोव्हेंबरपासूनच धरले जाते. ही शर्यत नव्हे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, पहिला आला काय नि शेवटचा आला काय, मान सारखाच. मात्र एक नियम फार कडक असतो. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा, अंगात चमकणारी जाकिटे हवीत. नसेल तर पुढे जाऊ देत नाहीत.

हा नियम लक्षात ठेवावा, तो पुढे कामाला येणार आहे.

ज्यांना इतक्या लांब जायचे नाही, त्यांच्यासाठी चंदीगडकरांची एक गंमत आहे. धुके खाली मैदानात दाटते. त्या वेळी कसौलीसारख्या डोंगरावर लख्ख ऊन असते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वातीनशे मीटरवर, तर कसौली एकोणीसशेच्या आसपास. परवाणूच्या पुढे चढ लागला की धुक्याचा थर पायाखाली राहतो आणि ढगांच्या समुद्रातून वर आल्यासारखे वाटते. चढ मात्र दमवणारा आहे, नवख्याने लगेच त्याच्या नादी लागू नये. आणि येताना उतारावर ओल्या डांबरावरून ब्रेक हळूहळू दाबत यावे, कारण बोटे गारठली की ब्रेकचा अंदाज चुकतो.

कपड्यांबद्दल एकच सांगायचे. अंगाला चिकटून सुती बनियन नको. घामाने ते भिजते आणि थांबल्यावर तेच ओले फडके छातीवर बसते. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, चढावर काढता येतात. ज्या दिवशी हवेत धूर कोंडलेला असेल, डोळे चुरचुरत असतील, त्या दिवशी जोरात सायकल मारण्यात पुरुषार्थ नाही. घरी बसून चेनला तेल घालावे.

महाराष्ट्राला या वाटेशी एक जुना धागा आहे. संत नामदेवांनी आयुष्याची कितीतरी वर्षे पंजाबात काढली, त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी आजही त्यांचे स्थान पूजले जाते. २०२२ च्या कार्तिकी एकादशीला पंढरपूरहून सायकलस्वारांची एक यात्रा घुमानकडे निघाली. दोन हजारांहून अधिक किलोमीटर, तेही ऐन थंडीच्या तोंडावर. वारी पायीच करावी असा हट्ट धरणाऱ्यांनीही तिचे कौतुक केले असेल.

तीन सेकंदांचा हिशेब

आता त्या लोईवाल्या सायकलस्वाराकडे परत येऊ.

हवामान खात्याच्या भाषेत पन्नास मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की धुके ‘अतिदाट’ ठरते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे सतरा मीटर अंतर कापते. म्हणजे पन्नास मीटरवर एखादी सायकल दिसली तरी चालकाच्या हातात तीन सेकंद उरतात. त्यातला एक-दीड सेकंद डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाण्यातच संपतो. उरलेल्या वेळात ओल्या रस्त्यावर गाडी थांबेल का, याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. आणि हा हिशेब सायकल पन्नास मीटरवर ‘दिसली’ तरचा आहे. करड्या लोईतला माणूस करड्या धुक्यात पन्नास मीटरवर दिसत नाहीच.

इथे पाच-दहा रुपयांची एक पट्टी उपयोगी पडते. आपण तिला सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. त्यात रेडियम औषधालाही नसते, पण नाव पडले ते पडले. त्या पट्टीत सूक्ष्म काचमणी किंवा इवलेसे लोलक बसवलेले असतात. साधा आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो. ही पट्टी मात्र जिथून प्रकाश आला तिथेच परत पाठवते, म्हणजे थेट मोटारचालकाच्या डोळ्यांकडे. तिला बॅटरी लागत नाही, ती चोरीला जात नाही, तिचा दिवा विझत नाही. सायकलींवरच्या परावर्तकांचा दर्जा काय असावा यासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेशही काढला आहे. पण तो झाला नव्या सायकलींचा प्रश्न. रस्त्यावरच्या बहुसंख्य सायकली दहा-दहा, वीस-वीस वर्षे चालत असतात. त्यांना कोण पट्टी लावणार?

सायकल क्लबने लावावी. आपल्या सभासदाला दिवा आणि जाकिटाशिवाय रात्री पुढे सोडायचे नाही, हा नियम जर त्यांना पटला असेल, तर तो शेजारून जाणाऱ्या माळीबुवांनाही लागू व्हायला हवा. उत्तर भारतात दर हिवाळ्यात पोलीस आणि स्वयंसेवी संस्था असे पट्टी-वाटप करतातही. पण ते कसे करावे यात फार फरक आहे.

बहुतेक ठिकाणी होते ते असे. रविवारी सकाळी दहा वाजता एखाद्या देखण्या जागी फलक लागतो. पाहुणे येतात, चार सायकलींना पट्ट्या लागतात, फोटो निघतात, चहा होतो. फलक पट्टीपेक्षा पन्नास पटींनी मोठा असतो. आणि ज्याला पट्टी हवी तो त्या वेळी कुठे असतो? कामावर.

त्याला गाठायचे तर त्याच्या वेळेला आणि त्याच्या वाटेवर जावे लागते. वस्तीचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तो चौक किंवा बांधकामाचे फाटक. सेक्टर बारामधल्या पीजीआय रुग्णालयासारख्या मोठ्या संस्थांच्या सायकल स्टँडवर तर एका जागी कितीतरी सायकली उभ्या सापडतात. दुपारी उन्हाच्या वेळी गेलेले सर्वांत उत्तम. त्याला एक साधे कारण आहे. कडाक्याच्या थंडीत आणि दवाने ओल्या झालेल्या मडगार्डवर ही पट्टी चिकटतच नाही. चिकटली तरी दोन दिवसांत सुटते. आधी कोरड्या फडक्याने तेल-धूळ पुसायची, मग पट्टी लावून अंगठ्याने घासून घासून दाबायची. एका सायकलीला पाच मिनिटे गेली तरी चालतील. तासाला दोनशे सायकली ‘उरकण्या’पेक्षा वीस नीट केलेल्या बऱ्या.

पट्टी लावायची कुठे, हेही पाहायला हवे. सीटखाली लावली तर लोईचे टोक तिच्यावर येते. कॅरिअरवर लावली तर डबा तिला झाकतो. मागच्या मडगार्डचा अगदी खालचा भाग मोकळा असतो. तिथे लाल. पुढे हँडलच्या दांड्यावर पांढरी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही पेडलच्या कडांना पिवळी. पेडल वरखाली होते, तशी चमकही वरखाली होते. स्थिर ठिपका मैलाच्या दगडाचाही असू शकतो, पण वरखाली होणारा ठिपका दिसला की चालकाच्या मनात पटकन येते, हा माणूस आहे. ब्रिस्बेनच्या संशोधकांनी घोट्यांना आणि गुडघ्यांना चमकत्या पट्ट्या बांधून प्रयोग केले, तेव्हा नुसत्या जाकिटापेक्षा असा सायकलस्वार चालकांना कितीतरी अधिक वेळा ओळखू आला. फिनलंडमध्ये तर अंधारात पायी चालणाऱ्यानेही परावर्तक लावावा असे कायदाच सांगतो.

पट्टी लावायला वाकलेल्या क्लबच्या माणसाला पहिला प्रश्न हमखास येतो, “बाऊजी, कितने पैसे?” पैसे नाहीत म्हटल्यावर संशय वाढतो. कशाची जाहिरात आहे का? कुठला पक्ष? अशा वेळी लांबलचक भाषण देण्यापेक्षा मोबाइलची विजेरी लावून दहा पावलांवरून त्याचीच सायकल त्याला दाखवावी. मागचा लाल ठिपका पेटलेला पाहिला की माणूस हसतो आणि शेजाऱ्याला हाक मारतो.

सोबत आणखी तीन वस्तू असाव्यात. पंप, तेलाची कुपी आणि ब्रेकची रबरे. सायकल वाकून पाहिली की कळते, पुष्कळदा ब्रेकचे रबर झिजून पत्रा रिमला घासत असतो. पट्टी मागून येणाऱ्याला सावध करील, पण समोर गाय आली तर थांबवणार ब्रेकच. क्लबमधल्या ज्या मंडळींना लाखाची सायकल असूनही पंक्चर काढता येत नाही, त्यांनाही या निमित्ताने चार गोष्टी शिकता येतात. ही शिकवणी बहुधा तो मजूरच देतो. काळे झालेले हात मग दोघेही एकाच फडक्याला पुसतात.

एका काळी आपल्याकडे या बाबतीत बरीच शिस्त होती. जुन्या पिढीला आठवत असेल, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असायचा आणि संध्याकाळी दिव्याशिवाय चौकातून जाताना पोलिसाच्या शिट्टीची धास्ती असायची. डायनॅमो बिघडला की पोरे उतरून सायकल हातात धरून चौक ओलांडायची आणि पुढे गेल्यावर पुन्हा टांग टाकायची! तो बिल्ला गेला, डायनॅमो गेला आणि रस्त्यांवर मोटारी मात्र शंभरपट झाल्या.

अकराचे ऊन

धुके विरले की चंदीगडचा हिवाळा कमालीचा गोड असतो. अकराच्या उन्हात सेक्टरमधल्या बागांत बायका विणकाम घेऊन बसतात, मटार सोलतात. क्लबने या वेळेचाही उपयोग करावा, तो सायकल न येणाऱ्या बायकांना शिकवण्यासाठी. लहानपणी भावाला सायकल मिळाली आणि आपल्याला मिळाली नाही, अशा चाळिशीच्या कितीतरी जणी घरोघरी असतात. त्यांना कुणी मागून सीट धरून पळवू नये, त्यात पडण्याची भीतीच वाढते. सोपी युक्ती अशी. दोन्ही पेडल काढून टाकायची, सीट इतकी खाली घ्यायची की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि मग पायांनी ढकलत ढकलत चालायचे. तोल आला की पाय आपोआप उचलले जातात. तो जमल्यावर पेडल परत लावायची. (डावे पेडल उलट आट्यांचे असते. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलात तर पाना मोडेल पण पेडल सुटायचे नाही.) ओढणी, साडीचा पदर आणि शाल चेनपासून दूर बांधली की झाले. बहुतेक जणींना दोन-चार सकाळी पुरतात.

आणि घरात पडून असलेल्या सायकलींचे काय? चंदीगडच्या कितीतरी घरांतली मुले कॅनडाला गेली. त्यांच्या सायकली जिन्याखाली गंजत उभ्या असतात. आईला ती वस्तू विकवत नाही आणि पाहवतही नाही. क्लबने हळुवारपणे विचारले तर ती मिळते. नवी टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, एक चेन, असा थोडका खर्च. सुटे भाग मिळवणे इथे अवघड नाही. सायकलींची राजधानी लुधियाना जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे. मुंजाल बंधूंनी १९५६ मध्ये तिथे हीरो सायकलचा कारखाना काढला आणि तीस वर्षांत, १९८६ साली, सर्वाधिक सायकली बनवणारा कारखाना म्हणून त्याचे नाव गिनेस बुकात गेले. दुरुस्त केलेली सायकल शाळेत लांबून येणाऱ्या मुलीला द्यावी. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या योग्य वयाच्या मुलींचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांच्या पाहणीत दिसले. सायकल देताना मुलीच्या उंचीला ती बसते का हे मात्र पाहावे. जिच्यावर पाय पुरत नाहीत अशी सायकल चौथ्या दिवशी मोठा भाऊ वापरू लागतो.

तेरा जानेवारीला लोहडी येते. आपली संक्रांत दुसऱ्या दिवशी. चौकाचौकात शेकोट्या पेटतात, शेंगदाणे, रेवड्या आणि गजक वाटली जाते. त्या संध्याकाळी क्लबची फेरी लहान ठेवावी, एकच सेक्टर, चारच किलोमीटर, मुलाबाळांसह. मुलांच्या चाकांना पट्ट्या लावून द्याव्यात आणि मोठ्यांच्या खिशांत उरलेली गुंडाळी व कात्री असू द्यावी. शेकोटीशी गजकवाला त्याची रेहडी, म्हणजे हातगाडी, लावून उभा असतोच. रात्री नऊनंतर तो ती ढकलत धुक्यातून घरी जाणार असतो आणि तिच्या मागच्या फळीला काहीच लावलेले नसते. मागची फळी, दोन्ही चाके आणि धरायचा दांडा, एवढ्याला हातभर पट्टी पुरते.